लॅव्हेंडर : सुगंध, औषध आणि तोडगा

लॅव्हेंडर हें नांव आमच्या सुशिक्षित कुटुंबांस अपरिचित नाहीं. साबणाच्या वेष्टणावर, अत्तराच्या कुपीवर, कपड्यांच्या कपाटांत ठेवावयाच्या लहानशा पिशवीवर तें वाचावयास मिळतें, आणि त्याबरोबर जांभळट फुलांचा एक तुरा व एक सौम्य सुवास एवढेंच चित्र मनांत उभें राहतें. परंतु ज्या वनस्पतीचें हें नांव, ती युरोपांत व भूमध्यसमुद्राच्या कांठीं सुमारें दोन हजार वर्षें औषध म्हणून कुटली, उकळली व गाळली गेली आहे. आणि त्याच लोकांनीं ती सणावारीं जमिनीवर पसरली, विस्तवांत टाकली, भुताखेतांस व वाईट नजरेस उतारा म्हणून जवळ बाळगली. औषध कोठें संपतें आणि तोडगा कोठें सुरू होतो, ती रेषा आज आम्हांस फार ठळक दिसते. पूर्वींच्या लोकांस ती दिसत नव्हती. आणि ती कां दिसत नव्हती हें समजून घेण्यास या एका झुडपाचा इतिहास फार उपयोगी पडतो.

हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नव्हे. घरगुती औषधांविषयीं आमच्याकडे दोन पक्ष नेहमीं आढळतात. जुन्या माणसांनीं जें जें सांगितलें त्यांत कांहीं तरी गूढ शास्त्र असलेंच पाहिजे, असें एक पक्ष म्हणतो. तें सर्व अज्ञानाचें पीक, असें दुसरा म्हणतो. दोघांचाही एक दोष समान आहे. जुन्या माणसांनीं नेमकें काय सांगितलें, हें वाचून पाहण्याचे कष्ट दोघेही घेत नाहींत. लॅव्हेंडरच्या बाबतींत तें वाचून पाहण्याची सोय आहे, कारण ग्रीक वैद्यापासून इंग्लिश औषधविक्यापर्यंत अनेकांनीं तें लिहून ठेविलें आहे.

प्रथम वनस्पतीची ओळख करून घेऊं. लॅव्हेंडर हें तुळस व पुदिना यांच्याच कुळांतील एक झुडूप आहे. त्याच्या अनेक जाति आहेत. त्यांपैकीं तीन या इतिहासांत वारंवार भेटतात. पहिली 'स्टीकस', कणसाच्या टोंकाला जांभळा शेंडा मिरविणारी व समुद्रकांठच्या उष्ण प्रदेशांत होणारी. दुसरी रुंद पानांची 'स्पाइक'. हिच्या तेलाला कापराचा उग्र दर्प असतो. तिसरी अरुंद पानांची, चुनखडीच्या डोंगराळ जमिनींत वाढणारी. अत्तरवाले जिला खरें लॅव्हेंडर म्हणतात ती हीच. जुने ग्रंथकार या तिघींत नेहमींच भेद करीत नाहींत, म्हणून त्यांच्या वचनांचा अर्थ लावतांना थोडी सावधगिरी बाळगावी लागते.

इसवी सनाच्या पहिल्या शतकांत होऊन गेलेला ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीज यानें आपल्या औषधिग्रंथांत स्टीकसचें वर्णन केलें आहे. गॉल देशाच्या दक्षिण किनाऱ्यासमोर, आजच्या मार्सेल्सच्या बाजूस, स्टीकाडीज नांवाचीं बेटें होतीं; त्यांवरून वनस्पतीस हें नांव मिळालें असें तो सांगतो. तिचा काढा छातीच्या विकारांवर चालतो आणि विषावरील मिश्रणांत ती घालतात, एवढाच उपयोग त्यानें नोंदविला आहे. त्यांत भुतें नाहींत, ग्रह नाहींत, मेंदूही नाहीं. पुढें या झुडपाच्या नांवावर जें जें जमा झालें, तें मोजावयाचें तर आरंभ येथून केला पाहिजे.

याच ठिकाणीं एक गैरसमज दूर करणें अवश्य आहे. अनेक लोकप्रिय पुस्तकांत असें लिहिलेलें असतें कीं, ग्रीक लोक लॅव्हेंडरलाच 'नार्ड' म्हणत आणि येशूच्या चरणांस मेरीनें जें बहुमोल सुगंधी तेल लाविलें तें लॅव्हेंडरचेंच होतें. वस्तुतः प्राचीनांचें तें मौल्यवान नार्ड हिंदुस्थानांतून जात असे. पहिल्या शतकांतील 'पेरिप्लस' या प्रवासग्रंथांत बारिगाझा, म्हणजे आमचें भडोच, येथून निर्यात होणाऱ्या मालांत त्याचा उल्लेख आहे. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्यानें १५६३ सालीं गोव्यांत छापलेल्या आपल्या संवादरूप ग्रंथांत नार्डवर स्वतंत्र प्रकरण घातलें आहे. आणि सर विल्यम जोन्स यांनीं अठराव्या शतकाच्या शेवटीं तें नार्ड म्हणजे आमची हिमालयांतील जटामांसी होय असें प्रतिपादन केलें. नार्डचें कणीस आणि लॅव्हेंडरचें कणीस या दोहोंनाही लॅटिन भाषेंत 'स्पिका' हा एकच शब्द चाले. हिंदुस्थानचा माल महाग, भूमध्यसमुद्राकांठचें झुडूप फुकट. तेव्हां नांवाबरोबर थोडी प्रतिष्ठाही एकीकडून दुसरीकडे सरकली यांत आश्चर्य नाहीं.

ग्रीकांची स्टीकस मात्र दुसऱ्या एका वाटेनें आमच्यापर्यंत पोंचली आहे. अरबी वैद्यांनीं ग्रीक ग्रंथ आत्मसात् केले तेव्हां 'स्टीकस'चें 'उस्तूखुद्दूस' झालें. कफ, विस्मृति व डोक्याचे विकार यांवर तें देत, आणि पुढें त्यास 'जारूब-ए-दिमाग', म्हणजे मेंदूची केरसुणी, असें मोठें बोलकें नांव पडलें. डायोस्कोरिडीजचें छातीचें औषध येथें मस्तकापर्यंत चढलें, हें वाचकांच्या लक्षांत येईलच. युनानी वैद्यकाबरोबर हें द्रव्य हिंदुस्थानांत आलें, आणि मुंबईच्या बाजारांत येणाऱ्या वनौषधींचा कसून अभ्यास करणारे विल्यम डिमॉक यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या चरणांत त्याची व त्या केरसुणीच्या नांवाची नोंद केली. गंमत अशी कीं, लॅव्हेंडरच्या कुळीच्या कांहीं रानटी जाति खुद्द सह्याद्रीवर व दख्खनच्या माळांवर उगवतात. त्यांपैकीं एकीस जॉन ग्रॅहम यांनीं मुंबई इलाख्याच्या वनखात्याचे पुढें पहिले मुख्याधिकारी झालेले अलेक्झांडर गिब्सन यांचें नांव दिलें आहे. परंतु उस्तूखुद्दूस म्हणून युनानी दुकानांत विकलें जाणारें द्रव्य तें हें नव्हे. झाड दाराशीं असूनही त्याची कीर्ति परदेशांतून, ग्रंथांच्या व गलबतांच्या वाटेनें आली.

'लॅव्हेंडर' हें नांव याहून पुष्कळ अलीकडचें. लॅटिन 'लाव्हारे', म्हणजे धुणें, या धातूपासून तें निघालें असें बहुतेक पुस्तकांत सांगितलेलें असतें, आणि रोमन लोक स्नानाच्या पाण्यांत हीं फुलें टाकीत असें त्यास जोडून देण्यांत येतें. शब्दशास्त्रज्ञांस हें तितकेंसें मान्य नाहीं. मध्ययुगीन लॅटिनमध्यें याचें 'लिव्हेंड्युला' असें जुनें रूप आढळतें, व त्याचा मूळ संबंध निळसर रंगाशीं असावा असें त्यांस वाटतें. परंतु चुकीची व्युत्पत्तिही लोकांच्या मनांत आपलें काम करितेच. जुन्या इंग्लिश भाषेंत धोबिणीसही 'लॅव्हेंडर' म्हणत. धुतलेले कपडे या झुडपांवर वाळत घालणें व घड्यांत हीं फुलें ठेवणें ही रीति सर्वत्र पसरली. आणि स्वच्छता व लॅव्हेंडर यांची जोडी कायमची जमली. आयझॅक वॉल्टन याच्या १६५३ सालच्या मासेमारीवरील प्रसिद्ध पुस्तकांत चांगल्या खाणावळीची खूण म्हणून लॅव्हेंडरचा वास येणाऱ्या चादरींचा उल्लेख आहे, त्याचें मर्म हेंच.

आतां आम्ही या इतिहासांतील सर्वांत मार्मिक साक्षीदाराकडे वळतों. जर्मनींतील बिंगेन येथील मठाधिपति हिल्डेगार्ड (१०९८-११७९) ही विदुषी धर्मचिंतक होती, संगीतकार होती, आणि वनस्पतींचे गुणधर्म सांगणारा एक ग्रंथही तिच्या नांवावर आहे. त्यांत लॅव्हेंडरवर एक लहानसें प्रकरण आहे. हें झुडूप उष्ण व रूक्ष आहे, खाण्याच्या कामाचें नाहीं, पण त्याचा गंध प्रबळ आहे, असें ती प्रथम सांगते. मग तीन गोष्टी एकामागून एक येतात. ज्याच्या अंगावर पुष्कळ उवा आहेत त्यानें हें वारंवार हुंगल्यास उवा मरतात. याच्या वासानें डोळे स्वच्छ होतात. आणि यास भिऊन दुष्ट पिशाच्चें दूर राहतात.

उवा, डोळे आणि पिशाच्चें एकाच दमांत! आजचा वाचक पहिल्या विधानाशीं थबकेल, दुसऱ्याशीं मान हालवील, आणि तिसऱ्याशीं हंसेल. हिल्डेगार्डला मात्र तिन्ही विधानें एकाच जातीचीं वाटत होतीं. वासाचा स्वभाव पाहिला म्हणजे त्याचें कारण कळतें. वास डोळ्यांस दिसत नाहीं, मुठींत धरतां येत नाहीं, बंद दारांतूनही शिरतो, आणि तरी त्याचा परिणाम शरीरावर व मनावर तत्काळ होतो. रोगाविषयीं आणि पिशाच्चाविषयीं त्या काळच्या माणसाची कल्पना नेमकी अशीच होती. न दिसणाऱ्या शत्रूवर न दिसणारें शस्त्र हवें. आणि घरांतल्या घरांत मिळणारें असें शस्त्र सुगंधावांचून दुसरें कोणतें होतें? लॅव्हेंडरच्या तेलांतील कांहीं द्रव्यें उवांस मारक आहेत, असें अलीकडच्या प्रयोगांत दिसून आलें आहे. तें तेल प्रत्यक्ष लावावें लागतें. नुसतें हुंगून उवा मरत नाहींत. तरीही तिच्या विधानामागें कोणाचें तरी खरें निरीक्षण असावें. उवा जातांना दिसल्या. मग न दिसणारींही गेलीं असतील, असें वाटणें स्वाभाविक होतें.

लोकाचारांत या विश्वासाचीं रूपें पुष्कळ आढळतात. स्पेन व पोर्तुगाल येथें सणाच्या दिवशीं देवळांच्या व घरांच्या जमिनीवर स्टीकस पसरण्याची चाल होती. २४ जून हा सेंट जॉनचा दिवस; त्या सुमारास सर्व दुष्ट शक्ति मोकाट सुटतात असा समज असल्यामुळें त्यांना पिटाळण्यासाठीं पेटविलेल्या होळ्यांत हीच वनस्पति जाळीत. इटलींतील टस्कनी प्रांतांत लहान मुलांस दृष्ट लागूं नये म्हणून लॅव्हेंडरचा उपयोग करीत. उत्तर आफ्रिकेंतील कबाईल जमातीच्या स्त्रिया तर नवऱ्याच्या जाचापासून हें झुडूप आपलें रक्षण करितें असें मानीत व त्याची आळवणी करीत, असें वनौषधींवरील ग्रंथांत नमूद आहे. या शेवटच्या उल्लेखापाशीं आम्हांस हंसूं येत नाहीं. जिला न्यायाधीश नाहीं, माहेरचा आधार नाहीं, ती झाडाजवळ दाद मागते. तेथें वनस्पतीच्या गुणांपेक्षां त्या स्त्रीच्या स्थितीचीच अधिक माहिती मिळते.

कांहीं समजुतींचें मूळ केवळ शब्दांत असावें असें आम्हांस वाटतें. लॅव्हेंडरच्या झुडपांत विषारी साप वास करितात, म्हणून त्यास हात लावतांना जपावें, अशी एक जुनी समजूत होती. फ्रेंच भाषेंत 'आस्पिक' हें एका विषारी सापाचें नांव आहे, आणि स्पाइक जातीच्या लॅव्हेंडरलाही 'आस्पिक'च म्हणतात. एका नांवाच्या दोन वस्तु एकत्र नांदतात असें लोकांच्या मनानें ठरविलें असल्यास नवल नाहीं. पुढें त्याच दक्षिण फ्रान्सांत साप चावलेल्या शिकारी कुत्र्यांच्या जखमेवर लॅव्हेंडर चोळण्याची रीति असल्याचे वृत्तान्त मिळतात. साप जेथें, उताराही तेथेंच, हा लोकवैद्यकाचा आवडता न्याय होय.

असो. सोळाव्या शतकांत छापखान्यामुळें ही विद्या इंग्लंडांत लोकभाषेच्या पुस्तकांत आली. तिचा पाया गेलनच्या चार रसांचा होता. रक्त, कफ, पित्त व कृष्णपित्त यांचा समतोल बिघडला कीं रोग. मेंदू स्वभावतः थंड व ओलसर. लॅव्हेंडर उष्ण व रूक्ष. अर्थात् डोक्याच्या शीत विकारांवर तें उत्तम. विल्यम टर्नर यानें, ज्याचा वनस्पतिग्रंथ १५५१ पासून भागांनीं प्रसिद्ध झाला, हीं फुलें टोपींत शिवून ती रोज डोक्यावर घालावी असा उपाय सुचविला. जॉन जेरार्ड यानें १५९७ सालीं अर्धशिशी, अपस्मार व वारंवार येणारी मूर्च्छा यांवर लॅव्हेंडरचें गाळलेलें पाणी हुंगावें किंवा कानशिलांस लावावें असें लिहिलें. पण त्याबरोबर एक कडक इशाराही दिला. ज्वर असलेल्या किंवा अंगांत दोष सांठलेल्या रोग्यास मद्यांत गाळलेले असले उष्ण अर्क देणें घातक असून, उतावळे औषधविके व अडाणी बायका तसें सर्रास करितात, अशी त्याची तक्रार आहे.

या तक्रारींतून त्या काळचा एक मोठा झगडा आम्हांस ऐकूं येतो. वैद्यक कोणाचें? विद्यापीठांत शिकलेल्या लॅटिन जाणणाऱ्या डॉक्टरांचें, कीं परसांतील झुडपें ओळखणाऱ्या बायकांचें? आठव्या हेन्रीच्या राजवटींत १५४२-४३ च्या एका कायद्यानें, वनस्पतींचें ज्ञान असलेल्या सामान्य माणसांस बाह्य व्रण, सूज इत्यादींवर औषध देण्याची मुभा मिळाली. शस्त्रवैद्यांनीं त्यांना कोर्टांत खेंचूं नये हा तीमागील हेतु होता. जर्व्हेस मार्कहॅम याच्या १६१५ सालच्या गृहिणीवरील पुस्तकांत स्वयंपाकाच्या बरोबरीनें औषधें व अर्क काढण्याची माहिती आहे; कारण खेड्यांतील मोठ्या घराची यजमानीण हीच तेथील गरिबांची वैद्य असे. आणि १६४९ सालीं निकोलस कल्पेपर यानें लंडनच्या वैद्यमंडळाची लॅटिन औषधिसंहिता त्यांच्या परवानगीवांचून इंग्लिशमध्यें उतरविली, तेव्हां तर त्या मंडळींत एकच खळबळ उडाली. त्याच कल्पेपरचें १६५२ चें वनौषधींचें पुस्तक पिढ्यान् पिढ्या घरोघर राहिलें. लॅव्हेंडरचा स्वामी बुध, कारण मेंदूचा स्वामी बुध, असें तो लिहितो. परंतु त्याच पानावर, याचें तेल फार तीव्र व भेदक असून फार जपून, थोड्याच थेंबांनीं वापरावें, असेंही तो बजावतो. ग्रहाचें ज्योतिष आणि मात्रेचा विवेक एका माणसाच्या डोक्यांत शेजारीं शेजारीं नांदत होते. आज आम्ही पहिलें टाकून दिलें व दुसरें ठेविलें. पण दोन्ही एकाच निष्ठेनें लिहिलेलीं होतीं, हें विसरून चालणार नाहीं.

लॅव्हेंडरची खरी कसोटी लागली ती प्लेगच्या दिवसांत. दूषित हवेनें रोग होतो असें विद्वान व अडाणी दोघेही मानीत. म्हणून सुगंधानें हवा शुद्ध करणें हा सर्वमान्य उपाय ठरला. प्लेगच्या रोग्यांकडे जाणारे कांहीं वैद्य पक्ष्याच्या चोंचीसारखा मुखवटा घालीत व त्या चोंचींत सुवासिक वनस्पति भरीत. 'चार चोरांचा शिरका' या नांवानें प्रसिद्ध झालेली कथा तर सर्वश्रुतच आहे. प्लेगनें ओस पडलेलीं घरें लुटणारे चार चोर स्वतः मात्र आजारी पडत नव्हते. पकडल्यावर त्यांनीं शिक्षेंत सूट मिळावी म्हणून आपलें रहस्य सांगितलें. आणि तें रहस्य म्हणजे लॅव्हेंडर, रोझमेरी, सेज, कडू दवणा, लसूण इत्यादि घालून मुरविलेला शिरका. ही कथा कोणी टूलूझ येथील १६२८-३१ च्या सांथीची सांगतात, कोणी मार्सेल्सच्या १७२० च्या. एकाच चोरांचा जन्म दोन गांवीं होतो तेव्हां ती दंतकथा समजावी हें बरें. मात्र असा शिरका बनत असे व विकलाही जात असे, याबद्दल शंका नाहीं.

प्लेगचें खरें कारण समजण्यास १८९४ साल उजाडावें लागलें. त्या वर्षीं हाँगकाँगमध्यें येर्सिन यास जंतु सांपडला. तो जंतु उंदरावरून माणसाकडे पिसवा नेतात, हें सिमाँ या फ्रेंच डॉक्टरानें १८९८ सालीं कराचींत प्रयोगानें दाखविलें. १८९६ मध्यें मुंबईंत शिरून पुढें सारा महाराष्ट्र हैराण करणाऱ्या सांथीच्याच काळांत हा शोध लागला, हें आमच्या वाचकांनीं ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. उग्र वासाचे पदार्थ पिसवांस आवडत नाहींत. तेव्हां तो शिरका अंगास व कपड्यांस लावणाऱ्याच्या वाट्यास थोडेंसें संरक्षण आलेंही असेल. पण या 'थोडेंसें'वर कोणी भिस्त ठेवूं नये. लॅव्हेंडर जाळून, हुंगून व अंगास चोळूनही लक्षावधि माणसें मेलीं. सांथी आटोक्यांत आल्या त्या उंदीर, पिसवा व जंतु यांचें ज्ञान झाल्यावर. चुकीच्या सिद्धांतांतूनही क्वचित् उपयोगी आचार निपजतो, परंतु तो आचार सुधारण्याची शक्ति त्या सिद्धांतांत नसते.

याहून कठोर धडा 'तांबड्या लॅव्हेंडर'च्या थेंबांचा आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या औषधिसंहितेंत लॅव्हेंडरच्या संमिश्र अर्काची कृति आली. तींत जवळजवळ तीस द्रव्यें होतीं. लॅव्हेंडर, सेज, रोझमेरी इत्यादींचीं ताजीं फुलें फ्रेंच ब्रँडींत घालून गाळावयाचीं. त्यांत दालचिनी, जायफळ, जायपत्री, वेलदोडे भिजवावयाचे. आणि शेवटीं कस्तुरी, अंबर, केशर व रक्तचंदन यांची पुरचुंडी आंत सोडावयाची. आमच्या मसाल्याच्या डब्यांतील व देव्हाऱ्यांतील निम्मा माल या बाटलींत होता! अर्धांगवायु, अपस्मार, झटके, चक्कर, स्मृतिभ्रंश, मंददृष्टि, विषण्णता, मूर्च्छा व वंध्यत्व, एवढ्या सर्वांवर तो चालतो असें सांगण्यांत आलें. पुढें कृति सोपी होत गेली, पण कांहीं ना कांहीं रूपांत हा अर्क दोनशेंहून अधिक वर्षें अधिकृत औषध म्हणून राहिला. येथें दोष खेड्यांतील म्हाताऱ्यांचा नव्हता. ही पदवीधर डॉक्टरांची संमत कृति होती.

अपस्मारावर कांहींसा खरा गुण देणारें पहिलें औषध, ब्रोमाइड, १८५७ सालीं पुढें आलें. म्हणजे जेरार्डच्या पुस्तकापासून मोजलें तरी अडीचशें वर्षांवर काळ फेंफऱ्याच्या रोग्यांनीं लॅव्हेंडर हुंगलें, प्यालें, डोक्यावर बांधलें, आणि झटके येतच राहिले. झटका आपोआप ओसरतो. त्या वेळीं नाकाशीं जी फुलें धरलेलीं असतील त्यांस यश मिळतें. जुन्या औषधांची कीर्ति पाहतांना त्यांच्या यशाच्या कथा आमच्यापर्यंत येतात. ज्यांस गुण आला नाहीं त्यांनीं कांहीं लिहून ठेविलें नाहीं. सारासार विचार करणाऱ्यानें या न लिहिलेल्या साक्षींची आठवण नेहमीं ठेविली पाहिजे.

अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत लॅव्हेंडर शेतांतून कारखान्यांत गेलें. लंडनजवळील मिचम येथें त्याची मोठी लागवड होती. शहरांतील गल्ल्यांतून जुड्या विकणाऱ्या बायकांची हांक लंडनकरांच्या नित्य परिचयाची होती, आणि जिप्सी स्त्रीनें दिलेली जुडी शुभ असते ही समजूत त्या व्यापारास पोषकच ठरली. भूत गेलें, बुध गेला. शुभशकुन व स्वच्छता एवढीं दोन शिल्लक राहिलीं.

नवीं शास्त्रें आलीं म्हणून दंतकथा थांबल्या असें मात्र नाहीं. रने-मॉरिस गाटफॉसे हा फ्रेंच रसायनज्ञ १९१० सालीं आपल्या प्रयोगशाळेंतील स्फोटांत भाजला. प्रचलित कथा अशी कीं, त्यानें जळता हात जवळच्या लॅव्हेंडरच्या तेलाच्या भांड्यांत बुडविला, वेदना थांबल्या, व हात व्रणाशिवाय बरा झाला. १९३७ सालच्या 'आरोमातेरापी' या त्याच्या पुस्तकांतील हकीकत निराळी आहे. स्फोटानंतर हातांच्या जखमा चिघळून गँग्रीन होऊं लागलें, आणि लॅव्हेंडरच्या अर्कानें धुतल्यावर तें थांबलें, असें तो सांगतो. मूळ हकीकत जंतुनाशक द्रव्याची आहे. लोकांनीं तिचा चमत्कार केला. हिल्डेगार्डच्या काळांत जें घडत होतें तेंच विजेच्या दिव्याखालीं पुन्हां घडलें.

आतां आजच्या शास्त्राचा निवाडा काय, तें थोडक्यांत सांगतों. लॅव्हेंडरच्या तेलांत लिनलूल व लिनालिल ॲसिटेट हीं मुख्य द्रव्यें आहेत. २०१८ सालीं जपानी संशोधकांनीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लिनलूलच्या नुसत्या वासानें उंदरांची भीति कमी झाल्याचें आढळलें; आणि ज्यांची घ्राणशक्ति नष्ट केली होती त्या उंदरांवर तो परिणाम झाला नाहीं. म्हणजे नाकाच्या वाटेनें मन शांत होतें, ही टर्नरच्या टोपीमागील कल्पना अगदींच पोकळ नव्हती. पोटांत घ्यावयाच्या लॅव्हेंडर-तेलाच्या विशिष्ट गोळ्यांवर माणसांतही चाचण्या झाल्या असून चिंतेच्या विकारांत कांहीं उपयोग दिसला आहे. युरोपीय औषधसंस्थेनें २०१२ सालीं सौम्य मानसिक ताण व निद्रेसाठीं लॅव्हेंडरच्या तेलास मान्यता दिली; पण ती 'परंपरागत उपयोग' या सदराखालीं, दीर्घ वहिवाटीच्या आधारें. याचा अर्थ, वैद्यकाच्या नेहमींच्या कसोटीनें तें पूर्णपणें सिद्ध झालें आहे असा कोणी करूं नये. बाजारांतली कोणतीही कुपी उचलून पोटांत घ्यावी असा तर मुळींच नाहीं. कल्पेपरचा इशारा आजही लागू आहे.

तात्पर्य काय? अर्धांगवायु, अपस्मार, वंध्यत्व, प्लेग, सर्पदंश, दृष्ट व पिशाच्च या सर्वांवरील दावे गळाले. उवा, जखमा, अस्वस्थ मन व हरवलेली झोंप एवढ्यांच्या बाबतींत कांहीं तथ्य उरलें. तें उरलें तें लोक जुने होते म्हणून नव्हे, आणि जें गेलें तें लोक मूर्ख होते म्हणूनही नव्हे. ज्या गोष्टी डोळ्यांस दिसत होत्या, पुन्हां पुन्हां करून पाहतां येत होत्या, त्यांत त्यांचें निरीक्षण बहुधा खरें ठरलें. जेथें रोग स्वतःच येतो व स्वतःच जातो, किंवा जेथें भय अपार होतें, तेथें तें फसलें. आमच्या घरांतील जुन्या बटव्याकडे पाहतांनाही हीच कसोटी उपयोगी पडेल असें आम्हांस वाटतें. त्यांतील प्रत्येक मुळी पूजावयाची नाहीं कीं उकिरड्यावर टाकावयाची नाहीं. ती कशावर दिली जात असे, कोणी दिली, काय दिसलें आणि काय केवळ मानलें, हें शांतपणें विचारावयाचें आहे. ज्या बायकांनीं आजाऱ्याच्या उशाशीं रात्र रात्र बसून हातीं होतें तें सुवासिक झुडूप त्याच्या नाकाशीं धरलें, त्यांच्या ममतेस यामुळें कांहीं उणेपणा येत नाहीं. त्यांच्यापाशीं दुसरें कांहीं नव्हतें. आमच्यापाशीं आहे, म्हणून विचारण्याची जबाबदारी आमची अधिक आहे.